शंकेची नेमणूक

दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा तळ देऊन आहेत आणि मधल्या दरीत शत्रूची छावणी पडलेली आहे. दोन्ही फौजा एकाच घटकेला चालून गेल्या तर जय ठरलेला, एकटीच पुढे झाली तर तिचा नि:पातही तितकाच ठरलेला, आणि दोन्ही सेनापतींमधला एकमेव दुवा म्हणजे ती दरी ओलांडून जाणारा जासूद, जो वाटेत पकडला जाण्याचा संभव कधीही सर्वस्वी नाहीसा होत नाही. एवढ्या साध्या कथानकातून संगणकशास्त्रातील एक अत्यंत कठोर सिद्धान्त निष्पन्न झालेला आहे. १९७५ साली अक्कोयुन्लू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्रथम मांडला, तेव्हा त्यातील पात्रे सेनापती नसून गुंडांच्या दोन टोळ्या होत्या. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्या टोळ्यांना सेनापतिपद बहाल केले, आणि तेव्हापासून 'दोन सेनापतींचा विरोधाभास' या नावाने तो त्या शास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो.

पहिला सेनापती 'उद्या पहाटे हल्ला' असा निरोप धाडतो. परंतु तो पोचला किंवा कसे हे कळल्यावाचून त्याला निघता येत नाही, म्हणून दुसऱ्याने पोच पाठवावी लागते. ती पोच मिळाली किंवा कसे हे कळल्यावाचून दुसऱ्यालाही निघता येत नाही, म्हणून पहिल्याने त्या पोचेची पोच द्यावी लागते, आणि असे चालता चालता पहाट उलटून जाते. येथे कोणी म्हणेल की कितव्या तरी निरोपाला हा संशय इतका क्षीण होईल की त्याची दखल घेण्याचे कारण उरणार नाही. पण सिद्धान्त त्याहून निर्दय आहे. काही ठराविक निरोपांनंतर दोघांनाही नि:शंक होऊन निघता येईल अशी एखादी योजना आहे असे क्षणभर धरू, आणि अशा सर्व योजनांपैकी जिला कमीत कमी निरोप लागतात तीच विचारात घेऊ. तिच्यातला शेवटचा निरोप वाटेत नष्ट झाला तर काय होईल? तो धाडणाऱ्याला त्याचे काय झाले हे समजण्यास मार्ग नाही, कारण त्यानंतर निरोपच नाही. तेव्हा तो ठरल्याप्रमाणे निघणारच. आणि योजना निर्दोष मानलेली असल्यामुळे दुसऱ्यालाही तो निरोप हाती न पडता निघावेच लागणार. याचा अर्थ तो शेवटचा निरोप अनावश्यक होता, आणि तो वगळून आणखी लहान योजना सिद्ध झाली. आपण तर सर्वांत लहान योजना घेऊन बसलो होतो. हा व्याघात टाळण्यास एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे अशी योजनाच नाही हे मान्य करणे. जासुदांची संख्या वाढवून, दरी अरुंद करून किंवा सेनापती अधिक बुद्धिमान नेमून या निर्णयात तिळमात्र फरक पडत नाही.

ही केवळ तर्काची करमणूक नाही. आकाशात एकमेकांना सांभाळून उडणारी चालकरहित विमाने, शेतात किंवा समुद्रात विखुरलेली मापनयंत्रे, पेढ्यांचे हिशेब निरनिराळ्या शहरांत राखणारे संगणक, हे सर्व स्वतंत्र घटक परस्परांशी बोलून एकविचाराने वागावेत अशी अपेक्षा असते, आणि त्यांच्यामधले दुवे मात्र त्या दरीइतकेच बेभरवशाचे असतात: संदेश गळतात, उशिरा येतात, उलटसुलट क्रमाने येतात. १९८४ मध्ये हाल्पर्न आणि मोझेस या दोघांनी या अवस्थेचे तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत विश्लेषण केले. एखादी गोष्ट सर्वांना ठाऊक असणे ही एक पायरी झाली. ती सर्वांना ठाऊक आहे हे सर्वांना ठाऊक असणे ही दुसरी. आणि अशा अनंत पायऱ्या एकदम चढून गेल्यावर जे प्राप्त होते ते 'सामायिक ज्ञान'. एकाच क्षणी एकत्र कृती करण्यास हे सामायिक ज्ञान अवश्य आहे, आणि दळणवळणाची शाश्वती नसेल तेथे ते कोणत्याही उपायाने उत्पन्न होऊ शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. जिना अनंत आहे, प्रत्येक निरोपाने एकच पायरी चढता येते, आणि कार्याचा प्रारंभ मात्र जिन्याच्या माथ्यावर ठेवलेला आहे.

आता जो प्रश्न उभा राहतो तो यंत्रांचा उरत नाही. दुसऱ्याच्या मनातील निश्चयाविषयी आपल्याला नि:शेष निश्चय होणे जर तत्त्वत:च अशक्य असेल, तर त्याच्याबरोबर उचललेले प्रत्येक पाऊल हे विवेकाचे कृत्य समजावे, की विवेकाशी फारकत घेऊन केलेले साहस? श्रद्धेवाचून सहकर्म नाही असे उत्तर घाईने देता येईल. पण ती श्रद्धा कोणत्या जातीची, ती ज्ञानाच्या अभावाची भर आहे की ज्ञानाचाच एक प्रकार आहे, आणि तिला काही मर्यादा आहेत की नाहीत, हे ठरविल्यावाचून ते उत्तर म्हणजे प्रश्नाचीच पुनरुक्ती होय.

व्यवहाराने या प्रश्नाचा निकाल शास्त्राची वाट न पाहता आपल्यापुरता लावलेला होता. अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहार पाहिला तर महत्त्वाची थैली एकट्या माणसाच्या हाती न देता जासुदांच्या जोडीबरोबर रवाना करण्याचा प्रघात दिसतो, आणि पत्राच्या आरंभीच आपण पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर कळला, असा कबुलीचा मजकूर येतो. म्हणजे मागील पत्राची पोच पुढील पत्राच्या पोटातच घातलेली असे, आणि तिच्यासाठी वेगळा स्वार खर्ची पडत नसे. तरीही ही सारी व्यवस्था दुवा शाबूत असेपर्यंतचीच. सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतावर कोंडली गेली आणि दक्षिणेकडची वाट तुटली, तेव्हा मदतीसाठी उत्तरेकडे निघालेले नानासाहेब पेशवे आणि रणात अडकलेले भाऊसाहेब हे अक्षरश: दोन टेकड्यांवरचे दोन सेनापती झाले. १४ जानेवारी १७६१ हा दिवस उलटून गेल्यावर त्या संहाराची वार्ता नानासाहेबांना कोणा सरदाराच्या अर्जीतून नव्हे, तर वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्रातून कळली, असे इतिहासकार सांगतात. निरोप थांबला तेव्हा दोन्ही बाजूंनी शौर्य कमी झाले नव्हते, निष्ठाही कमी झाली नव्हती. एकाची कृती दुसऱ्याच्या कृतीशी जोडणारा धागा तेवढा तुटला होता, आणि त्या धाग्याच्या अभावी कसे वागावे याचा आधी ठरलेला नियम कोणाच्याच जवळ नव्हता.

शास्त्रापुरते पाहिले तर आपल्याकडील दर्शनांना हा जिना परिचित होता, आणि त्यांनी त्याला अनवस्था हे नाव देऊन तर्कदोषांच्या यादीत घातले होते. झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून समजावे, या वादात नैयायिकांचा पक्ष असा की ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानाबाहेरून कळते: पाणी दिसले हे ज्ञान खरे की खोटे हे, पुढे जाऊन तहान भागते की नाही यावरून ठरते. वात्स्यायनांनी आपल्या न्यायभाष्याच्या प्रारंभीच प्रमाणाची सार्थकता यशस्वी प्रवृत्तीशी जोडलेली आहे. मीमांसकांनी यावर घेतलेला आक्षेप दोन सेनापतींच्या प्रश्नाचा जणू मूळ मसुदा आहे. पहिल्या ज्ञानाला खरे ठरविण्यास दुसरे ज्ञान लागत असेल तर त्या दुसऱ्याला तिसरे लागेल, तिसऱ्याला चौथे, आणि या परंपरेला अंत नसल्यामुळे कोणतेच ज्ञान कधीच खरे ठरणार नाही. म्हणून सातव्या शतकातील कुमारिलभट्टांनी उलट बाजूने प्रारंभ केला. ज्ञान हे उपजतच प्रमाण मानावे. त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान उत्पन्न झाले, अथवा त्याच्या कारणात दोष आढळला, तरच ते सोडावे. आणि शंका आलीच तर दोषाचा शोध अवश्य घ्यावा, पण तिसऱ्या-चौथ्या ज्ञानापर्यंत शोधूनही दोष सापडला नाही तर तेथे थांबावे, त्यापुढे केवळ संभवाच्या बळावर शंका काढीत बसू नये.

हा 'तीन-चार'चा आकडा वाचताना आधुनिक वाचकाला थोडा विसावा घ्यावासा वाटतो. आज जगातील बहुतेक संगणक परस्परांशी बोलू लागताना ज्या नियमाने बोलतात, त्याची मांडणी १९७४ मध्ये सर्फ आणि कान यांनी केली आणि १९८१ मध्ये तिला प्रमाणभूत रूप आले. त्या नियमाप्रमाणे संभाषणाच्या आरंभी नेमके तीन निरोप जातात: एकाची विनंती, दुसऱ्याची पोच व प्रतिविनंती, आणि पहिल्याची पोच. चौथ्या निरोपाची वाट न पाहता काम सुरू होते. संभाषण संपविताना तर त्याहून उद्बोधक प्रकार घडतो. शेवटची पोच धाडणाऱ्याला त्या पोचेची पोच कधीच मिळत नाही. म्हणून तो काही ठराविक काळ, मूळ नियमाप्रमाणे ४ मिनिटे, दुवा पूर्णपणे न तोडता थांबतो, पलीकडून जुना निरोप पुन्हा आला तर पोच पुन्हा धाडतो, आणि काही न आल्यास आपले दप्तर बंद करतो. आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता असला पोरकट दावा यातून काढण्याचे कारण नाही; कुमारिलांचा रोख वेदवाक्याच्या प्रामाण्याकडे होता आणि सर्फ-कान यांचा तारांच्या जाळ्याकडे. दोघांनाही एकच अनंत जिना आडवा आला, आणि दोघांनीही तो चढण्याऐवजी एका ठराविक पायरीवर उभे राहून काम सुरू करण्याचा निर्णय घेतला, एवढेच साम्य येथे अभिप्रेत आहे, आणि विचाराला ते पुरेसे आहे.

मीमांसेला हा निर्णय सुचावा याचे कारण त्या शास्त्राच्या विषयातच आहे. मीमांसा म्हणजे निरस कर्मकांडाची चिकित्सा, असा समज शिकलेल्या मंडळींत रूढ आहे. परंतु वाईच्या केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेल्या मीमांसाकोशाची पाने जो सावकाश चाळील त्याच्या ध्यानात येईल की, कोणी, कोणत्या क्रमाने, कोणाच्या सांगण्यावरून, काय करावे, आणि चुकल्यास पुढे काय, हाच या शास्त्राचा अखंड व्यवसाय आहे. सोमयागात सोळा ऋत्विज असतात. होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा या चार प्रमुखांच्या हाताखाली त्यांचे गण असतात, आणि प्रत्येकाचे कर्म दुसऱ्याच्या कर्मात गुंतलेले असते. जैमिनीच्या सूत्रांतील संपूर्ण पाचवा अध्याय क्रमाला वाहिलेला आहे, आणि क्रम ठरविण्याची श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य व प्रवृत्ती अशी सहा प्रमाणे त्यात येतात. त्यांपैकी एकही घटकापात्राकडे बोट दाखवीत नाही. विखुरलेल्या संगणकांनाही घड्याळाच्या मदतीवाचून घटनांचा क्रम लावता येतो हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखविले, ते याच दिशेचे पाऊल होय.

त्यातही आश्रावण आणि प्रत्याश्रावण हा विधी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. आहुतीपूर्वी अध्वर्यू एक ठरलेली हाक देतो. आग्नीध्र तिला ठरलेले प्रत्युत्तर देतो. मग होत्याला आज्ञा होते, तो याज्या म्हणतो, आणि तिच्या शेवटच्या वषट्काराबरोबर अध्वर्यू आहुती देतो. हाक एक, पोच एक, आणि त्यापुढे कर्म. आग्नीध्राने ऐकले हे अध्वर्यूने ऐकले की नाही, हे आग्नीध्राने विचारावयाचे नसते. या सर्वांच्या दक्षिणेस ब्रह्मा बहुतेक वेळ मौन धारण करून बसलेला असतो. तो आज्ञा देत नाही, केवळ अवधान राखतो, आणि कोठे स्खलन झाले तर प्रायश्चित्ताने ते सांधतो. प्रायश्चित्त येथे लज्जेचा विषय नाही. यज्ञाच्या रचनेत त्याची तरतूद पहिल्यापासूनच केलेली आहे, कारण सोळा माणसे एकत्र काम करणार म्हणजे चूक होणार, हे गृहीत धरूनच तो विधी रचलेला आहे. आणि या सोळा जणांना एकत्र आणणारी शक्ती कोणा सेनापतीच्या हुकमात नाही. मीमांसकांच्या मते विधी अपौरुषेय आहे, त्यामागे आज्ञा करणारी व्यक्तीच नाही. ऋत्विज एकमेकांच्या मनात डोकावून एक होत नाहीत, तर प्रत्येकजण त्याच विधीला बांधलेला असल्यामुळे एक होतात.

हाच विचार अभियंत्यांच्या हाती कसा फलद्रूप झाला हे पाहण्यासारखे आहे. समजा, शेकडो घटकांना एकच दिशा धरावयाची आहे, कोणी नायक नाही, आणि प्रत्येकाला त्या त्या क्षणी जवळपासचे थोडे शेजारीच ऐकू येतात. नियम इतकाच की, जे शेजारी ऐकू आले त्यांच्या व आपल्या दिशांची सरासरी काढून ती आपली दिशा करावी, आणि पुन: पुन: तेच करीत राहावे. १९९५ मध्ये व्हिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कण संगणकावर एका दिशेला वळताना पाहिले, आणि २००३ मध्ये जदबाबाई, लिन व मोर्स या तिघांनी त्याची गणिती उपपत्ती दिली. दुवे प्रत्येक क्षणी शाबूत असण्याची गरज नाही. एका क्षणी काही तुटलेले, दुसऱ्या क्षणी दुसरेच तुटलेले असले तरी चालेल, किंबहुना सर्वजण एकाच क्षणी जोडलेले असा एकही क्षण कधी आला नाही तरी चालेल. मात्र मर्यादित कालखंड एकामागून एक घेतले असता प्रत्येक खंडात जे दुवे केव्हातरी जुळले ते सर्व एकत्र धरल्यास कोणीही एकटा पडलेला नसावा. एवढी अट पुरी झाली तर सर्वांच्या दिशा एकाच दिशेकडे झुकत जातात.

या सिद्धान्तात जे मिळाले त्याइतकेच जे सोडून दिले तेही ध्यानात घेतले पाहिजे. येथे ऐक्य कोणत्याही एका क्षणी पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. ते सतत जवळ येत राहते. आणि ऐक्य झाले, हे कोणाही घटकाला निश्चयाने सांगता येत नाही, कारण त्याला शेजाऱ्यांपलीकडचे दिसत नाही. दोन सेनापतींना हवे होते ते एकाच क्षणीचे, निश्चित आणि निश्चित असल्याच्या ज्ञानासह आलेले ऐक्य. ते अशक्य ठरले. त्याच्या जागी येथे क्रमाने वाढणारे, दुरुस्त होत राहणारे आणि स्वत:ची ग्वाही न देणारे ऐक्य आले, आणि ते तुटक्या दुव्यांवरही शक्य ठरले.

परंतु ऐक्य आणि सत्य या दोन वस्तू एक नव्हेत, आणि या ठिकाणी गणित आपल्याला एक नैतिक इशारा देऊन जाते. प्रत्येक घटकाजवळ एकेक माप आहे आणि सर्वांना मिळून त्या मापांची खरी सरासरी काढावयाची आहे असे धरा. निरोप एका बाजूने गळले आणि दुसऱ्या बाजूने पोचले, तरी सर्वांचे एकमत होईल. पण ते ज्या आकड्यावर होईल तो खरी सरासरी असेलच असे नाही. ज्याचे निरोप वरचेवर गळाले त्याचे माप त्या एकमतात हलके पडले असेल, आणि तरीही एकमत झाल्यावर ते हलके पडले हे कोणालाही, खुद्द त्यालाही, कळणार नाही. सभेत ठराव एकमताने मंजूर झाला याचा अर्थ सर्वांचे ऐकले गेले असा होत नाही. ज्यांचा आवाज पोचत नव्हता त्यांनीही अखेर पोचलेल्या आवाजांशी आपले मत जुळवून घेतले, एवढाही तो असू शकतो. धर्मसंप्रदायांच्या आणि राज्यसंस्थांच्या इतिहासात एकमताला सत्याचा पुरावा मानण्याची जी सवय आढळते, तिच्याविरुद्ध याहून स्पष्ट साक्ष मिळणे कठीण.

यावर काढलेला उपायही तितकाच मार्मिक आहे. घटकाने प्रत्येक वेळी केवळ आजची भर न कळविता, आजपर्यंत धाडलेल्या सर्व भरीची एकूण बेरीज कळवावी. मधले दहा निरोप गळाले तरी अकरावा पोचताच घेणाऱ्याला मागील सारे येणे एकदम समजते. वाणी ज्याप्रमाणे मागील पानाची बाकी पुढील पानावर ओढतो आणि म्हणून एखादे पान हरवले तरी खाते बुडत नाही, त्याप्रमाणे न ऐकलेल्याचे ऋण येथे जमेस धरलेले राहते. ज्या व्यवस्थेत न ऐकलेल्या शब्दाची बाकी कोठेतरी मांडलेली राहते, तीच व्यवस्था एकमताबरोबर न्यायाचाही दावा करू शकते.

आतापर्यंत आपण निरोप गळण्याचा विचार केला. निरोप्याने अथवा सेनापतीनेच खोटे सांगितले तर? १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी हा प्रश्न बायझंटियमच्या सेनापतींच्या रूपाने मांडला. तोंडी निरोपांवर काम चालत असेल तर निष्ठावंतांची संख्या एकूण संख्येच्या दोन-तृतीयांशांहून अधिक असली पाहिजे. तिघांत एक फितूर असेल तर एकमताचा मार्ग नाही, चौघांत एक असेल तर आहे. मात्र ज्याची नक्कल करता येत नाही असे शिक्कामोर्तब प्रत्येक निरोपावर असेल तर ही अट शिथिल होते. न्यायदर्शनाने आप्ताचे लक्षण करताना नेमकी हीच दुहेरी कसोटी लावली आहे: ज्याने वस्तू स्वत: यथार्थपणे जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, आणि वात्स्यायनांनी हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे बजावून ठेवले आहे. विश्वासार्हता जन्मावर अगर पदावर नव्हे, तर जाणण्यावर व सांगण्यावर अवलंबून आहे, हा विचार त्या काळी लिहून ठेवला गेला हे विशेष होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शंकेला एक सीमा घातली: जेथे शंका शंका घेणाऱ्याच्या स्वत:च्या आचरणाशीच विसंगत ठरते तेथे ती संपते. धूर हवा असता जो नि:संकोच अग्नीच पेटवितो त्याने धूर आणि अग्नी यांच्या संबंधाविषयी शंका काढणे हे स्वत:चेच खंडन होय. बाराव्या शतकात श्रीहर्षांनी खंडनखंडखाद्यात हाच मुद्दा उलटवला: आचरणाशी विसंगती दाखविता येते हे कबूल, पण विसंगतीसाठी शंका तेथे असावीच लागते, मग त्याच विसंगतीने शंका नाहीशी झाली असे कसे म्हणता? मनुष्य शंका बाळगूनही वागतो, आणि वागला म्हणून त्याची शंका मेली असे सिद्ध होत नाही.

शेकडो वर्षांच्या या वादात बहुतेकांनी एका बाजूचा पक्ष घेतला आहे. बेभरवशाच्या दुव्यांचे गणित मात्र असे सुचविते की दोघेही बरोबर होते, आणि त्यांचा विरोध एका न तपासलेल्या गृहीतावर उभा होता. ते गृहीत असे की शंका नष्ट झाल्याखेरीज विवेकयुक्त कृती होऊ शकत नाही. दोन सेनापतींच्या सिद्धान्ताने श्रीहर्षांचा पक्ष कायमचा बळकट केला. शंका कोणत्याही निरोपाने मरत नाही हे आता वादाचे मत उरले नसून सिद्ध झालेली गोष्ट आहे. आणि त्याच शंकेच्या उपस्थितीत विमाने थवे राखून उडतात, पेढ्यांचे हिशेब जुळतात, तेव्हा उदयनाचार्यांचाही हेतू सफळ होतो. कारण त्यांना खरोखर हवे होते ते जगाचा व्यवहार थांबू नये हे. शंकेला बडतर्फ करता येत नाही; तिला दौलतीत नेमणूक द्यावी लागते. ठराविक काळ पोच आली नाही तर निरोप पुन्हा धाडणे हे तिचे काम. दोषाचा शोध तीन-चार पायऱ्यांपर्यंत घेणे हे तिचे काम. फितुरांची संख्या किती झाली तर एकमतावर विसंबू नये हे मोजणे तिचे काम. न ऐकलेल्याची बाकी मांडून ठेवणे हेही तिचेच काम. तिच्या अधिकाराची हद्द मात्र ठरलेली असावी, आणि कर्म रोखून धरण्याचा अधिकार तिला त्या हद्दीपलीकडे नसावा.

यातून श्रद्धेचे जे स्वरूप निष्पन्न होते ते भक्ताच्या श्रद्धेहून वेगळे आहे, आणि ते वेगळेपण झाकू नये. भक्त ईश्वराला जो निरोप धाडतो त्याच्या पोचेची तो मागणी करीत नाही. किंबहुना पोच मागणे हेच त्याच्या दृष्टीने भक्तीतले न्यून होय. सहकर्म करणाऱ्याची श्रद्धा पोच मागते, वारंवार मागते, आली नाही तर पुन्हा निरोप धाडते, आणि बाधक पुरावा आला तर मागेही सरते; फक्त शेवटची पोच न मिळाल्यामुळे ती कर्म सोडून बसत नाही. या दुसऱ्या श्रद्धेला पहिलीपेक्षा कनिष्ठ मानण्याचा प्रघात आहे, कारण तिच्यात हिशेब आहे. पण मनुष्याला मनुष्याबरोबरच जगावयाचे आहे, आणि मनुष्य ईश्वराप्रमाणे सर्वज्ञ नसून चुकणारा, वेळेवर न पोचणारा आणि क्वचित खोटेही बोलणारा असतो. त्याच्यावर हिशेब न ठेवता विश्वास टाकणे हा त्याच्यावर देवत्व लादण्याचाच प्रकार होय, आणि त्यातून होणाऱ्या निराशेचा जाब मग त्यालाच विचारला जातो.

यंत्रांच्या आणि आपल्या अवस्थेत एक भेद उरतोच. विमानाला चुकीच्या क्षणी पुढे गेल्याचा पश्चात्ताप होत नाही. सेनापतीच्या माथी मात्र मृतांचा हिशेब बसतो. म्हणूनच नियमाबरोबर प्रायश्चित्ताचीही तरतूद आधीच हवी, आणि एकटा पुढे गेलेल्याला फितूर न समजता त्याची वाट सांधण्याची जबाबदारी मागे राहिलेल्याने घ्यावी हेही त्या नियमातच लिहिलेले हवे. ही तरतूद नसेल तर विचारी माणूस थांबून राहील आणि अविचारी तेवढा पुढे जाईल, आणि मग थांबणेच शहाणपणाचे होते असे सर्वांना वाटू लागेल.

तसे ते नाही. दुसऱ्याबद्दल पूर्ण निश्चय झाल्याखेरीज पाऊल उचलणार नाही, असे जो म्हणतो तो इतरांपेक्षा अधिक विवेकी ठरत नाही. अशक्य वस्तूची अट घालून तो आपल्या वाट्याची जोखीम फक्त दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो. कारण कोणत्याही संवादात एक निरोप शेवटचा असतोच, आणि ज्याची पोच कधीही येणार नाही असा तो निरोप कोणी ना कोणी, पूर्ण जाणतेपणाने, धाडल्याखेरीज दोन माणसांचे एकही काम आजवर सुरू झालेले नाही.